द्रव्याची अक्षय्यता आणि माणसाचा हिशेब

‘जगात काहीही नाहीसे होत नाही’ हे वाक्य दोन प्रकारच्या माणसांच्या तोंडी वारंवार ऐकू येते. तत्त्वचिंतक ते शोकाकुल मनाच्या सांत्वनासाठी उच्चारतो. रसायनशास्त्रज्ञ ते तराजूच्या आधाराने सिद्ध करतो. वाक्य एकच असल्यामुळे दोघांचे म्हणणेही एकच असले पाहिजे, असा समज सहज होतो. आणि मग विज्ञानाने तत्त्वज्ञानास साक्ष दिली, असे म्हणण्याचा मोह सुशिक्षित मंडळींस आवरत नाही. हा समज कितपत खरा आहे, आणि द्रव्य अक्षय्य आहे या ज्ञानाने आपल्या कर्तव्याचा भार हलका होतो की वाढतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे. हा प्रश्न वरवर दिसतो तितका पुस्तकी नाही. पुण्याच्या पूर्वेस असलेल्या वाघोली या एकाच गावाकडे पाहिले, तरी तो आपल्या घराच्या भिंतीपर्यंत येऊन पोचला आहे, हे ध्यानात येईल.

पुण्याहून नगरकडे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरकडे, जाणाऱ्या हमरस्त्यावर हे गाव वसले आहे. वाघेश्वराचे जुने देवालय आणि मराठेशाहीतील सरदार पिलाजी जाधवराव यांची समाधी ही त्याची पूर्वापार ओळख. दगडाच्या खाणी आणि खडी फोडणारे क्रशर ही अलीकडची. २०२१ साली हे गाव पुणे महापालिकेत समाविष्ट झाले. दख्खनच्या पठारावरील इतर खडकांप्रमाणे येथील खडकही सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थिजून झालेला काळा पाषाण होय. तो सुरुंगाने फुटला. त्याचे डबर झाले, डबराची खडी झाली, खडीची कच झाली. आणि हे सारे मालमोटारींतून वाहून नेऊन शहराच्या भिंतींत, रस्त्यांत आणि पुलांत बसविण्यात आले. जेथे टेकाड होते तेथे खड्डा राहिला, आणि जेथे माळ होता तेथे इमारत उभी राहिली.

या व्यवहारात नाहीसे काय झाले, असे विचारले तर हिशेबी माणूस तत्काळ उत्तर देईल की, काहीच नाही. दगड होता तो दगडच आहे. त्याची जागा तेवढी बदलली. हे उत्तर खोटे नाही. उलट, ते इतके खरे आहे की त्याच्या खरेपणाचाच धोका वाटावा. खाणीत फुटलेल्या दगडाचे माप ब्रासाने करतात. ब्रास म्हणजे शंभर घनफूट. अखंड काळ्या दगडाच्या एका ब्रासाचे वजन सुमारे आठ टन भरते. तोच दगड फोडला की तुकड्यांमधल्या पोकळीमुळे त्याचे माप दीडपटीहून अधिक होते. वजन मात्र गुंजभरही वाढत नाही. मापाने फसावे पण वजनाने फसू नये, हा धडा रसायनशास्त्राने शिकविण्यापूर्वीच व्यवहाराने शिकविला होता. तेव्हा वजनाच्या दृष्टीने वाघोलीचे टेकाड आजही अस्तित्वात आहे. ते पुण्यात विखुरले आहे, इतकेच. मग ज्यास हे टेकाड गेल्याचे वाईट वाटते त्याचा शोक अज्ञानमूलक समजावयाचा काय?

आपल्या प्राचीन दर्शनकारांनी हा प्रश्न फार बारकाईने हाताळलेला आहे. सांख्यांचा सत्कार्यवाद सांगतो की, कार्य हे उत्पत्तीपूर्वीच कारणात विद्यमान असते. तिळांत तेल असते म्हणून ते घाण्यातून निघते, वाळूतून निघत नाही. या मताप्रमाणे उत्पत्ती म्हणजे प्रकट होणे आणि नाश म्हणजे मूळ कारणात लीन होणे. वैशेषिकांना हे मान्य नव्हते. परमाणू नित्य असले तरी त्यांच्यापासून झालेला घट ही एक नवी वस्तू आहे, पूर्वी ती नव्हतीच, असा त्यांचा आग्रह. कच्चे मडके भट्टीत लाल होते ते कसे, यावर त्यांनी पीलुपाकाची उपपत्ती मांडली: अग्नीच्या योगाने मडके परमाणूंपर्यंत सुटते, परमाणूंचा रंग पालटतो, आणि ते पुन्हा जुळून नवे मडके होते. नैयायिकांनी ही खटपट अनावश्यक ठरवून, मडके जसेच्या तसे राहूनच भाजते, असा पिठरपाक मानिला. आज या वादाकडे पाहून हसू येण्याचे कारण नाही. द्रव्य टिकते, पण वस्तू टिकते काय, हा त्यातील खरा मुद्दा होता. आणि तो आजही शिळा झालेला नाही.

या मुद्द्यावरचा सर्वांत मार्मिक दृष्टान्त जैन आचार्य समंतभद्र यांनी ‘आप्तमीमांसा’ या ग्रंथात दिला आहे. सोन्याचा घट मोडून त्याचा मुकुट केला. ज्यास घट हवा होता त्यास दुःख झाले. ज्यास मुकुट हवा होता त्यास आनंद झाला. आणि ज्यास केवळ सोनेच हवे होते तो मध्यस्थ राहिला. तिघांच्याही मनोवृत्तीस वस्तुस्थितीत आधार आहे, कारण एकाच घटनेत नाश, उत्पत्ती आणि स्थैर्य ही तिन्ही खरोखरच आहेत, असे आचार्यांचे प्रतिपादन. या दृष्टान्ताचे मोल असे की, त्यात घटार्थी मनुष्याचा शोक भ्रम म्हणून झिडकारलेला नाही. सोने राहिले हे खरे. घट गेला हेही तितकेच खरे. जो पहिले सत्य सांगून दुसरे पुसू पाहतो, त्याने तत्त्वज्ञानाचा अर्धाच भाग वाचला, असे म्हणावे लागेल.

आता रसायनशास्त्राचा नियम नेमके काय सांगतो ते पाहू. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातील विद्वानांची अशी समजूत होती की, पदार्थ जळतो तेव्हा त्यातून ‘फ्लोजिस्टन’ नावाचे ज्वलनतत्त्व निघून जाते. धातू भाजल्यावर तिचे वजन वाढते, ही गोष्ट या समजुतीस अडचणीची होती. रॉबर्ट बॉइल याने धातू बंद पात्रात तापवून पाहिली. परंतु वजन करण्यापूर्वी त्याने पात्र उघडले, बाहेरची हवा आत शिरली आणि वजन वाढलेले दिसले. अग्नीचे कण काचेतून आत गेले असावेत, असा निष्कर्ष त्याने १६७३ साली प्रसिद्ध केला. पुढे आंत्वान लाव्हाझिए याने १७७४ साली कथिलावर प्रयोग करताना पात्र न उघडताच वजन केले. एकंदर वजनात काही फरक पडला नव्हता. पात्र उघडल्यावर जी हवा आत शिरली तिच्या वजनाइतकीच वाढ झाली, म्हणजे कथिलाने आपल्या पात्रातलीच हवा खाल्ली होती.

त्याचा पाऱ्याचा प्रयोग तर हिशेबाच्या नेटकेपणाचा नमुनाच होय. चार औंस पारा ठराविक हवेत त्याने बारा दिवस तापवीत ठेविला. पन्नास घनइंच हवेपैकी सात-आठ घनइंच हवा नाहीशी झाली आणि पाऱ्यावर लाल भुकटी जमली. तिचे वजन ४५ ग्रेन भरले. तीच भुकटी निराळी काढून अधिक तापविली तेव्हा ४१½ ग्रेन पारा परत मिळाला आणि सात-आठ घनइंच हवा बाहेर आली, म्हणजे जितकी गेली होती तितकीच. १७८९ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात त्याने हे तत्त्व स्पष्ट शब्दांत मांडिले: कोणत्याही क्रियेच्या आरंभी जितके द्रव्य असते तितकेच अखेरीस असते. जर्मन शास्त्रज्ञ हान्स लांडोल्ट याने पुढे अनेक वर्षे बंद नळ्यांतून रासायनिक क्रिया घडवून त्यांची वजने केली आणि एक कोटीत एक भाग इतक्या सूक्ष्मतेपर्यंत नियम अबाधित असल्याचे दाखविले. १९०५ साली आइन्स्टाइनने वस्तुमान व ऊर्जा यांचे नाते उघड केल्यापासून नियमास एक तळटीप जोडावी लागते, ही गोष्ट खरी. परंतु एक किलो शुद्ध कार्बन जळून जी उष्णता बाहेर पडते तिच्याबरोबर जाणारे वस्तुमान एका ग्रॅमच्या सुमारे अठ्ठावीस लाखाव्या हिश्शाइतकेच असते. चुलीच्या आणि भट्टीच्या हिशेबास ते जाणवत नाही.

वाचकांनी येथे एका गोष्टीकडे अवश्य लक्ष द्यावे. बॉइल आणि लाव्हाझिए यांच्यातील अंतर बुद्धीचे नव्हते, उपकरणांचेही फारसे नव्हते. ते पात्राच्या तोंडाचे होते. एकाने वजनाआधी पात्र उघडले, दुसऱ्याने मिटलेले ठेविले. द्रव्याच्या अक्षय्यतेचा नियम सर्वत्र सत्य आहे. पण तो प्रत्ययास येतो तो पात्र बंद असेल तेव्हाच. पात्र उघडे असले की लाकूड जळून मूठभर राख राहते आणि बाकीचे ‘नाहीसे’ झाले असे वाटते. लोखंड गंजून जड होते आणि काहीतरी ‘आपोआप उत्पन्न’ झाले असे वाटते. म्हणजे हा नियम शिकणे याचा अर्थ, आपल्या नजरेची सीमा हीच जगाची सीमा नव्हे, हे शिकणे. जे दिसेनासे झाले त्याच्याविषयी ‘ते कोठे गेले?’ असा प्रश्न विचारण्यास हा नियम आपणांस बांधून घेतो.

लाव्हाझिएच्या चरित्रात या प्रश्नाची दुसरी बाजूही उमटली आहे. प्रयोगशाळेत ग्रेनाचा हिशेब ठेवणारा हा मनुष्य फ्रान्सच्या राजाचे कर मक्त्याने वसूल करणाऱ्या मंडळींचा भागीदार होता. आणि मिठावरील व तंबाखूवरील त्या करांनी प्रजा गांजली होती. ८ मे १७९४ रोजी क्रांतिकारकांनी इतर मक्तेदारांबरोबर त्याचाही शिरच्छेद केला. ही शिक्षा न्याय्य होती असे म्हणणारा मनुष्य आज विरळा. तथापि ज्या संस्थेच्या जमाखर्चात भरणाऱ्याची हलाखी कोठेच लिहिली जात नव्हती, तिच्या उत्पन्नातूनही ती प्रयोगशाळा चालली होती, ही गोष्ट विचार करावयास लाविते. काचेचे पात्र बंद ठेवणे सोपे असते. समाजाचे पात्र बंद धरून हिशेब करणे फार कठीण.

याच दृष्टीने वाघोलीतील एखाद्या नव्या इमारतीचा हिशेब मांडून पाहू. काँक्रीटच्या एका घनमीटरचे वजन सुमारे २,४०० किलो. त्यातला सुमारे तीन-चतुर्थांश भाग खडी आणि वाळू यांचा. हा भाग खाणीतून आला. त्यास बांधणारे सिमेंट चुनखडी भाजून केलेले. शंभर भाग शुद्ध चुनखडी भाजली की ५६ भाग कळीचा चुना राहतो. उरलेले ४४ भाग कार्बन डायऑक्साइड होऊन धुराड्यातून जातात. ५६ आणि ४४ मिळून १०० होतात; रसायनशास्त्रज्ञाचा हिशेब चोख जमतो. पण बांधकामाच्या बिलात ५६ भागांचीच नोंद असते. ४४ भाग कोणाच्या खात्यावर गेले? ते आकाशात गेले, आणि आकाश सर्वांचे असल्यामुळे ते कोणाचेच नाही असे धरले गेले.

जुन्या वाड्यांच्या बांधकामात चुना घाणीवर मळून वापरीत. तो भिंतीत बसल्यावर हवेतील हाच वायू वर्षानुवर्षे पुन्हा ओढून घेऊन दगडासारखा घट्ट होई. भट्टीत गेलेले ४४ भाग बहुतांशी परत येत. जळणाचा धूर वेगळा; परंतु चुन्यापुरते वर्तुळ पुरे होत असे. सिमेंटच्या काँक्रीटमध्येही हा वायू हळूहळू शिरतो. पण तेथे त्याचे येणे सुखावह नसते. काँक्रीटमधील लोखंडी सळया गंजत नाहीत त्या भोवतालच्या क्षारधर्मामुळे. वायू आत मुरत गेला की तो क्षारधर्म उणा होतो, सळईचे कवच जाते, आणि ओल व हवा मिळताच तिला गंज धरतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असते. त्या दाबाने काँक्रीट तडकते व त्याचे पापुद्रे सुटतात. आकाशात सोडून दिलेली जी वस्तू आपण विसरून गेलो तीच अनेक वर्षांनी आपल्या भिंतीत शिरते. द्रव्य अक्षय्य असल्याचा हा अर्थ सांत्वनकर्त्या तत्त्वचिंतकाने सहसा सांगितलेला नसतो.

येथे एक नवा प्रश्न उभा राहतो. द्रव्य नाहीसे होत नाही, तर मग जे बदलले ते पुन्हा पूर्ववत् करता येईल की नाही? ४५ ग्रेन लाल भुकटीतून लाव्हाझिएने पारा परत मिळविला, मग शोक कशाचा? याचे उत्तर धातूंच्या स्वभावात आहे. मोरचुदाच्या निळ्या द्रावणात लोखंडी खिळा ठेविला की थोड्याच वेळात त्यावर तांब्याचा तांबूस लेप बसतो. ५६ भाग लोखंड द्रावणात उतरते आणि ६३½ भाग तांबे बाहेर येते. खिळा जितका जड होतो तितके द्रावण हलके होते. उलट, हिराकसाच्या द्रावणात तांब्याची तार कितीही काळ ठेविली तरी काही घडत नाही. दोन्ही बाजूंस द्रव्य तेच, हिशेब तसाच. पण निसर्ग एका दिशेने आपण होऊन जातो आणि दुसऱ्या दिशेने जात नाही.

अशा प्रयोगांवरून रसायनशास्त्रज्ञांनी धातूंची एक पंक्ती लाविली आहे. पोटॅशियम, सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, जस्त, लोखंड, शिसे, तांबे, चांदी, सोने. वरच्या धातू आपले धातुपण टाकून संयोग पावण्यास उतावीळ; खालच्या धातू उदासीन. सोने निसर्गात सोने म्हणूनच सापडते, म्हणून ते मनुष्यास प्राचीन काळापासून परिचित आहे. लोखंडास भट्टीची कला साधावी लागली. पोटॅशियम व सोडियम यांस हंफ्री डेव्ही याने १८०७ साली विजेच्या साहाय्याने प्रथम मोकळे केले. ॲल्युमिनियम स्वस्तात मिळविण्याची विद्युत्-रीती १८८६ साली सापडली. जी धातू संयोगास जितकी उत्सुक, तिला वियुक्त करण्यास तितके अधिक मोल.

गंजाचेच उदाहरण घ्या. पाण्याचा अंश सोडला तर ११२ भाग लोखंड ४८ भाग प्राणवायूशी मिळून १६० भाग गंज होतो. त्यासाठी कोणास काही करावे लागत नाही, पावसाळा पुरेसा आहे. उलट, तेच ११२ भाग लोखंड भट्टीत परत मिळवावयाचे तर कमीत कमी ६६ भाग कार्बन डायऑक्साइड हवेत सोडावा लागतो, आणि भट्टी तापविण्याचा खर्च निराळाच. गंजाच्या ढिगात लोखंडाचा कणही हरवलेला नसतो, तरी लोखंड हरवलेले असते. जे उणे झाले ते द्रव्य नव्हे. मनुष्याने जंगल, कोळसा आणि श्रम खर्चून द्रव्यास ज्या स्थितीत आणून ठेविले होते ती स्थिती उणी झाली.

आमच्या रसशास्त्रकारांस ही गोष्ट ठाऊक होती. धातूचे भस्म सिद्ध झाले की नाही हे पाहण्याची त्यांची एक कसोटी ‘अपुनर्भव’ म्हणून प्रसिद्ध आहे. ठराविक द्रव्यांबरोबर तापवूनही भस्मातून धातू पुन्हा प्रकट होऊ नये, हा तिचा आशय. ‘निरुत्थ’ नावाच्या कसोटीत तर भस्म मोजलेल्या चांदीबरोबर तापवून चांदीचे वजन पुन्हा करीत. ते वाढले तर भस्मात अजून जिवंत धातू आहे असे समजत. परत न येणे ही एक स्वतंत्र अवस्था आहे आणि ती तराजूने पारखता येते, ही जाण त्यांत स्पष्ट दिसते. नष्ट न होणे आणि परत येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्या एक मानल्यामुळेच ‘काहीच नाहीसे होत नाही’ या वाक्यातून खोटे समाधान उत्पन्न होते.

धातूंच्या या पंक्तीविषयी आणखी थोडे लिहिल्यावाचून राहवत नाही. जी धातू कशाशीच मिसळत नाही तिला आपण राजधातू म्हणतो. लवकर बिघडणाऱ्या कथिलास व शिशास रसशास्त्राने ‘पूतिलोह’, म्हणजे दुर्गंधी धातू, असे म्हटले. सोन्यास मान आहे तो त्याच्या अलिप्ततेमुळे. जिजाबाईंनी उद्ध्वस्त पुण्यात सोन्याच्या नांगराने भूमी नांगरविली, अशी परंपरागत कथा सांगतात. शुभारंभास सोनेच शोभते. परंतु त्यानंतरची नांगरणी लोखंडाने केली असणार, यात शंका नाही. रक्तात प्राणवायू वाहतो तो लोहाच्या योगाने. हाडे बळकट होतात ती कॅल्शियमने. सोन्याकडे शरीराने असे कोणतेच काम सोपविलेले नाही. जे मिसळते तेच कामास येते, आणि जे कामास येते तेच झिजते.

लोखंडी पत्र्यावर जस्ताचा मुलामा देतात, त्यातले मर्म हेच. मुलाम्यास ओरखडा पडून लोखंड उघडे पडले तरी प्रथम झिजते ते जस्त, कारण पंक्तीत ते लोखंडाच्या वर आहे. जोवर जस्त शिल्लक आहे तोवर लोखंड वाचते. जस्तास आपण त्यागी म्हणू तर ते काव्य होईल. जस्ताने तो मार्ग पत्करलेला नसतो. पण मनुष्यसमाजातही काही माणसांस अशाच जागी बसविलेले असते की, झीज प्रथम त्यांचीच व्हावी. दगड फुटतो तेव्हा त्याची धूळही उडते. ती भिंतीत बसत नाही, विकली जात नाही, ब्रासाने मोजली जात नाही. परंतु वस्तुमानाच्या नियमाने ती कोठेतरी असलीच पाहिजे. ती आसपासच्या पिकांवर असते, घरांच्या पत्र्यांवर असते, आणि खाणीत राबणाऱ्या वडार व इतर कष्टकरी बायामाणसांच्या छातीत असते. शासनाच्या दप्तरी बांधकामाच्या दगडास ‘गौण खनिज’ म्हणतात आणि त्याचे स्वामित्वधन ब्रासावर आकारतात. छातीत साठलेल्या दगडाचा ब्रास भरत नाही, म्हणून त्याची पावतीही फाटत नाही.

आता समंतभद्राचार्यांच्या तीन माणसांकडे पुन्हा वळू. टेकाडावर ज्यांची गुरे चरत, पायथ्याशी ज्यांच्या विहिरी होत्या, ते घटार्थी. त्यांस दुःख झाले. ज्यांस शहरात निवारा हवा होता ते मुकुटार्थी. त्यांस आनंद झाला, आणि तोही लहान नव्हे. जन्मभर भाड्याच्या खोलीत राहिलेल्या कुटुंबास दोन खोल्यांचे स्वतःचे घर मिळणे म्हणजे काय, हे ज्यास ठाऊक आहे तो त्या आनंदाची चेष्टा करणार नाही. तिसरा मध्यस्थ. तो म्हणतो, दगड होता, दगड आहे. आमचे म्हणणे असे की, ही मध्यस्थता ज्ञानाची आहे की सोयीची आहे, हे एकाच कसोटीने ठरते. ज्याने घट आपला असतानाही मोडणाऱ्याकडे समभावाने पाहिले त्याची मध्यस्थता खरी. घट दुसऱ्याचा आणि मुकुट आपला असताना जो सोन्याच्या नित्यत्वाचे प्रवचन करतो, तो मध्यस्थ नव्हे. त्याने मुकुटार्थ्याच्या आनंदावर मध्यस्थाची शाल पांघरलेली असते.

यावर कोणी म्हणेल की, मग घरे बांधावयाचीच नाहीत काय? पुणेकरांनी तंबूत राहावे काय? असा आमचा आशय नाही, आणि असता तर तो दांभिक ठरला असता. हा लेख लिहिणारे आणि वाचणारे सारे दगडाच्याच भिंतींआड बसलेले आहोत. संयोगावाचून जीवन नाही, आणि झिजेवाचून संयोग नाही. दगड न फोडण्याचे व्रत कोणी घ्यावे, असे वस्तुमानाचा नियम सांगत नाही. तो इतकेच सांगतो की, हिशेबाच्या दोन्ही बाजू सारख्या भरल्याच पाहिजेत; भरत नसतील तर पात्र कोठेतरी उघडे आहे. आणि नीती येथून पुढे सुरू होते: पात्र उघडे आहे हे कळल्यावरही जो ते जाणूनबुजून तसेच ठेवतो, तो अज्ञ राहत नाही, ऋणी होतो.

हे ऋण फेडण्याचे काही मार्ग तरी मनुष्यास दिसू लागले आहेत. जुनी घरे पाडून उरणारा राडारोडा आजवर नदीकाठी किंवा ओढ्यात ढकलून ‘नाहीसा’ करण्याची रीत होती. २०१६ साली केंद्र सरकारने त्याच्या व्यवस्थेसाठी स्वतंत्र नियम केले. आणि पुण्याच्या राडारोड्यावर प्रक्रिया करून त्यापासून पुन्हा खडी व वाळू करण्याचा महापालिकेचा प्रकल्प वाघोलीतच उभारला गेला. ज्या गावातून दगड शहरात गेला त्याच गावी तो मोडक्या भिंतींच्या रूपाने परत आला, ही घटना वस्तुमानाच्या नियमाचे पाठ्यपुस्तकात घालण्याजोगे उदाहरण आहे. जितका राडारोडा खडी होऊन पुन्हा कामास येईल तितकी एखादी टेकडी वाचेल, हा त्यातला खरा लाभ. तथापि परत येते ती खडी, टेकाड परत येत नाही. आणि दळणयंत्राची धूळ याही खेपेस कोणाच्या तरी छातीत जाणारच, ती जाऊ नये यासाठी पाणी मारावे लागेल, पडदे लावावे लागतील, त्यांस पैसे पडतील. हे पैसे घराच्या किमतीत मिळविले पाहिजेत. घर त्यामुळे महाग झाले असे वाटेल. खरे पाहता ते पूर्वीही तितकेच महाग होते, किमतीचा तेवढा भाग दुसरेच कोणी भरत होते.

सारांश, रसायनशास्त्राच्या नियमात सांत्वन शोधणाऱ्यास तेथे सांत्वन मिळणार नाही. जे प्रिय असते ते द्रव्य नसून द्रव्याची एक विशिष्ट रचना असते, आणि रचनेस अक्षय्यतेचे अभयदान कोणत्याही नियमाने दिलेले नाही. पण त्याच नियमात ज्यास कर्तव्याचा आधार हवा असेल त्यास तो भरपूर मिळेल. टाकलेली वस्तू, सोडलेला धूर, उडालेली धूळ ही सारी कोठेतरी आहेत, आणि ती जेथे आहेत तेथे कोणीतरी राहते. आपल्या घरातला केर उंबऱ्याबाहेर गेला म्हणजे तो संपला, असे मानण्याची सवय आपणां सर्वांस आहे. शाळेत मुलांस ‘अभिक्रियेपूर्वीचे वस्तुमान अभिक्रियेनंतरच्या वस्तुमानाइतके असते’ हे वाक्य आपण पाठ करावयास लावतो. त्याबरोबरच, उरलेले कोठे गेले आणि ते कोण वाहते आहे, हा प्रश्न विचारण्याची सवय त्यांस घरातूनच लागावी, एवढेच आम्हांस सुचवावयाचे आहे.